‘परिस्थिती नियंत्रणात आहे’ : संकटातल्या संस्था आणि त्यांची भाषा

आजच्या विषयाचं नाव ऐकून काही जणांनी मला विचारलं, की सर, तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाचा आणि पत्रकार परिषदेचा संबंध काय? संबंध आहे. आयुष्यभर मी वर्गात ‘सत्य म्हणजे काय’ हा प्रश्न शिकवला. तो प्रश्न हातात बूम घेऊन दारात उभा राहतो, तेव्हा काय होतं, याबद्दल आज बोलायचं आहे.

निमित्त असं झालं. माझा एक जुना विद्यार्थी आता एका मोठ्या संस्थेत जनसंपर्काचं काम पाहतो. त्याने मला त्यांच्या प्रशिक्षणाची पुस्तिका वाचायला दिली. अपघात, आग, विषबाधा, घोटाळा, आत्महत्या, असं काही घडलं तर वार्ताहरांशी कसं वागायचं, याची ती पुस्तिका. मी ती दोनदा वाचली. आज मी जे करणार आहे, ते त्या प्रकारच्या पुस्तिकांचं परीक्षण आहे. एकट्या त्या पुस्तिकेचं नाही. कारण अशा सगळ्या पुस्तिका एकमेकींच्या बहिणी असतात.

आधी त्यांची चांगली बाजू सांगतो. एकच प्रवक्ता नेमा. पहिल्या तासाभरात काहीतरी बोला, कारण तुम्ही बोलला नाहीत तर अफवा बोलते. अंदाज बांधू नका. मृतांच्या घरच्यांना कळवण्याआधी नावं जाहीर करू नका. ‘हे छापू नका, तुम्हाला म्हणून सांगतो’ असं कोणाला म्हणू नका. ‘नो कॉमेंट’ म्हणू नका, कारण ऐकणारा त्याचा अर्थ ‘कबूल आहे’ असाच लावतो. हे सगळं शहाणपणाचं आहे. यातली निम्मी पथ्यं तर आपल्या घरातली मोठी माणसंसुद्धा पाळत आली आहेत.

पण मग पुस्तिका पुढच्या पानावर जाते आणि तिथे माझं तिच्याशी भांडण सुरू होतं. तिथे एक युक्ती शिकवलेली असते. तिला ‘पूल बांधणं’ म्हणतात. वार्ताहराने अडचणीचा प्रश्न विचारला, की त्याला थेट उत्तर द्यायचं नाही. ‘तुमचा प्रश्न रास्त आहे, पण महत्त्वाचा मुद्दा असा की…’ असं म्हणून पुलावरून पलीकडे जायचं आणि आपली आधी ठरवलेली तीन वाक्यं सांगायची. प्रश्न दहा वेळा आला तर दहा वेळा पूल. आपल्याकडे हे कोणाला शिकवावं लागत नाही म्हणा! ‘चौकशी समिती नेमली आहे’, ‘दोषींची गय केली जाणार नाही’, ‘माहिती घेऊन सांगतो’ आणि दुसऱ्या दिवशी ‘माझ्या विधानाचा विपर्यास केला’. ही चार वाक्यं पाठ असली की महाराष्ट्रात कोणतंही पद सांभाळता येतं.

(श्रोत्यांत हशा)

हसू नका, मीही ती वापरली आहेत. त्याकडे नंतर येतो.

या विद्येचा इतिहास बघा. १९०६ साली अमेरिकेत अटलांटिक सिटीजवळ पेनसिल्व्हेनिया रेल्वेची गाडी पुलावरून पाण्यात पडली. पन्नासच्या वर माणसं गेली. त्या काळी रेल्वे कंपन्या अपघात झाकून ठेवत. पण आयव्ही ली नावाच्या सल्लागाराने कंपनीला सांगितलं, की बातमीदारांना घटनास्थळी न्या आणि माहितीचं पत्रक स्वतः काढा. हे जगातलं पहिलं प्रसिद्धिपत्रक, असं बहुतेक ठिकाणी सांगितलं जातं. त्याच वर्षी लीने आपलं तत्त्वपत्रकही काढलं : आम्ही जे करू ते उघड करू, जे देऊ ते अचूक देऊ. फार चांगली सुरुवात!

पुढे काय झालं? १९१४ मध्ये कोलोरॅडोत लडलो इथे संपावर असलेल्या खाणकामगारांच्या तंबूंवर हल्ला झाला. बायका आणि मुलं त्यात मेली. खाण कंपनीत रॉकफेलर कुटुंबाची मोठी मालकी होती. त्यांनी बोलावलं कोणाला? याच आयव्ही लीला. त्याने पत्रकांची मालिका काढली. त्यात कामगार पुढाऱ्यांचे पगार फुगवून दाखवले होते. वर्षभराचा आकडा काही आठवड्यांचा म्हणून छापला होता. पुढे चौकशी आयोगापुढे त्याला विचारलं गेलं, की तुम्ही ही माहिती तपासली होती का? नाही. कंपनीने दिली, मी छापली. म्हणजे बघा, ‘अचूक देऊ’ म्हणणारा माणूस आठ वर्षांत ‘मिळालं ते दिलं’ इथपर्यंत आला. ली दुष्ट होता असं माझं म्हणणं नाही. माझं म्हणणं वेगळं आहे. पत्रक काढण्याचं तंत्र तेच राहिलं, पण माहिती तपासण्याची जबाबदारी त्यातून गळून गेली. तंत्राला ते कळलंच नाही, कारण तंत्राला तसं काही कळत नसतं.

आता पुस्तिकांचं लाडकं उदाहरण घेऊ. टायलेनॉल. १९८२ साली शिकागो परिसरात टायलेनॉलच्या कॅप्सूल खाऊन सात माणसं मेली. कोणीतरी दुकानातल्या बाटल्यांत सायनाइड भरलेल्या कॅप्सूल घातल्या होत्या. जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीने लोकांना ‘घेऊ नका’ म्हणून सांगितलं, देशभरातून सुमारे ३ कोटी १० लाख बाटल्या परत घेतल्या, प्रमुख जेम्स बर्क टीव्हीवर प्रश्नांना सामोरे गेले आणि काही आठवड्यांत नव्या, छेडछाड ओळखू येईल अशा वेष्टनात औषध परत आलं. जगभरच्या व्यवस्थापनाच्या वर्गांत हे शिकवतात आणि ते योग्यच आहे.

पण या गोष्टीतले दोन तुकडे पुस्तिकांमध्ये सहसा येत नाहीत. पहिला असा : कंपनीने सुरुवातीला वार्ताहरांना सांगितलं होतं, की आमच्या कारखान्यात सायनाइड नसतंच. मग आतून कळलं, की तपासणीच्या कामासाठी थोडं असतं. तेव्हा कंपनीला आपलं म्हणणं दुरुस्त करावं लागलं आणि ते तिने केलं. माझ्या दृष्टीने टायलेनॉल प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची घटना हीच. तीन कोटी बाटल्या परत घ्यायला पैसा लागतो. ‘काल आम्ही तुम्हाला चुकीचं सांगितलं’ हे वाक्य बोलायला वेगळं काहीतरी लागतं.

दुसरा तुकडा : या गुन्ह्यात कंपनी स्वतःच बळी होती. विष तिने घातलं नव्हतं. ज्याच्या हातून चूक झालेली नाही, त्याने उघडपणे बोलणं ही खरी परीक्षा नव्हे. टायलेनॉलवरून सचोटी शिकवणं म्हणजे उन्हाळ्यात पोहायला शिकवून पुरात सोडण्यासारखं आहे.

पूर बघायचा तर भोपाळला जावं लागतं. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधली रात्र. युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट बाहेर पडलं. हजारो माणसं मेली. इथे संस्थेच्या बोलण्याचा प्रश्न प्रतिमेचा नव्हता, श्वासाचा होता. ओलं फडकं नाकातोंडावर धरा, धुराबरोबर पळू नका, एवढी दोन वाक्यं वेळेवर मिळाली असती तर काही जीव वाचले असते. हमीदिया रुग्णालयातल्या डॉक्टरांना त्या रात्री आपण कोणत्या विषावर उपचार करतो आहोत, हेच नीट ठाऊक नव्हतं. पुढे कंपनीची बाजू कोणती ठरली? एका नाराज कामगाराने मुद्दाम टाकीत पाणी सोडलं. ही बाजू तिने वर्षानुवर्षं लावून धरली.

आणि वार्ताहर? राजकुमार केसवानी हे भोपाळचे पत्रकार. कारखान्यात एका कामगाराचा मृत्यू झाल्यावर त्यांनी शोध घेतला आणि १९८२ पासून आपल्या ‘रपट’ या छोट्या साप्ताहिकात, पुढे १९८४ मध्ये ‘जनसत्ते’त लिहिलं, की हे शहर धोक्यात आहे. कोणी ऐकलं नाही. पुस्तिका सांगतात, की वार्ताहर संकटानंतर येतो आणि त्याला हाताळायचं असतं. भोपाळमध्ये वार्ताहर संकटाच्या दोन वर्षं आधी आला होता. त्याचं ऐकायला हवं होतं. ‘हाताळणी’ या शब्दातच चूक आहे. यंत्र हाताळतात, सामान हाताळतात. प्रश्न विचारणाऱ्या माणसाला हाताळायचं ठरवलं, की त्याचा प्रश्न ऐकू येणं बंद होतं.

तिसरं उदाहरण जवळचं, आपल्या स्वयंपाकघरातलं. २०१५ चं मॅगी प्रकरण. उत्तर प्रदेशातल्या तपासणीत शिशाचं प्रमाण जास्त आढळल्याचं जाहीर झालं आणि ५ जूनला देशभर बंदी आली. पुढे १३ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाने ती बंदी रद्द केली; प्रयोगशाळांना आवश्यक ती मान्यता नव्हती आणि कंपनीची बाजू नीट ऐकली गेली नव्हती, असं न्यायालयाने म्हटलं. नव्या तपासण्या झाल्या आणि नोव्हेंबरमध्ये मॅगी परत आली. म्हणजे शिशाच्या बाबतीत कंपनीच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच होतं. तरी सुरुवातीचे काही आठवडे ती जवळजवळ गप्प राहिली.

पण मला रस आहे तो पाकिटावरच्या एका ओळीत. ‘एमएसजी घातलेलं नाही’, अशा अर्थाची ती ओळ होती. तपासणीत ग्लुटामेट सापडलं. कंपनी म्हणाली, आम्ही वरून घालत नाही. गहू, कांद्याची पूड, शेंगदाण्याचं प्रथिन यांत ते मुळातच असतं. अक्षरशः खरं! पण दुकानात उभी असलेली आई ती ओळ कशी वाचते? ‘यात ते नाही’ अशी. पुढे ती ओळ काढायचं कंपनीने मान्य केलं.

इथे आपण तत्त्वज्ञानात शिरतो. पॉल ग्राइस नावाच्या तत्त्वज्ञाने दाखवलं, की बोलणं शब्दांपेक्षा मोठं असतं. समोरचा आपल्याला सहकार्य करतो आहे, लागेल तेवढं सांगतो आहे, असं धरूनच आपण त्याचं वाक्य ऐकतो. त्यामुळे एकही खोटा शब्द न वापरता समोरच्याच्या मनात खोटं उभं करता येतं. ग्राइसला हे विसाव्या शतकात मांडावं लागलं, पण आपल्याला ते फार पूर्वीपासून माहीत आहे. अश्वत्थामा मेला. कोण मेला? हत्ती. ‘नरो वा कुंजरो वा’ हा आपला वाक्प्रचारच झाला आहे. त्या कथेत द्रोणाचार्य ती बातमी दुसऱ्या कोणाच्या तोंडून ऐकून विश्वास ठेवत नाहीत. ते युधिष्ठिराला विचारतात, कारण तो खोटं बोलत नाही. म्हणजे अर्धसत्य चालवण्यासाठी आयुष्यभराची पत लागते आणि एका वाक्यात ती खर्च होते. जमिनीपासून चार बोटं वर चालणारा रथ खाली आला, याचा अर्थ मी तरी असाच लावतो. संस्थेचा रथसुद्धा असाच खाली येतो. आवाज होत नाही, म्हणून विश्वस्त मंडळाला कळत नाही.

आता तुम्ही म्हणाल, की मग काय, सगळं सगळ्यांना सांगत सुटायचं? नाही. आणि इथे मी कांटचा एक किस्सा सांगतो. असत्य कधीच बोलू नये, मित्राच्या जिवावर उठलेल्या मारेकऱ्याशीसुद्धा नाही, असं लिहिणारा हा कठोर माणूस. १७९४ मध्ये, सत्तरीत असताना, प्रशियाच्या राजाने त्याला धर्मावर लिहिण्याबद्दल दटावलं. कांटने लिहून दिलं, की महाराजांचा एकनिष्ठ प्रजाजन या नात्याने मी यापुढे धर्मावर जाहीरपणे बोलणार नाही. १७९७ मध्ये राजा वारला. कांटने १७९८ मध्ये परत लिहिलं आणि प्रस्तावनेत सांगून टाकलं, की ते शब्द मी जपूनच निवडले होते. वचन त्या राजापुरतंच होतं. बघा, आमचे आचार्यसुद्धा पूल बांधत होते!

मग कांट आणि प्रवक्ता यांत फरक काय? मला दिसतो तो असा. कांटपुढे सत्ता उभी होती आणि त्याने शब्दांचा आडोसा घेतला. संकटातल्या संस्थेपुढे सत्ता नसते. तिच्यापुढे वार्ताहरामागे उभा असलेला एक माणूस असतो. त्याचं पोर तुमच्या वसतिगृहात आहे, त्याची ठेव तुमच्या बँकेत आहे, त्याची बायको तुमच्या वॉर्डात आहे. त्याला आज संध्याकाळी काहीतरी ठरवायचं आहे : जायचं की थांबायचं, काढायचं की ठेवायचं, खायचं की टाकायचं. माझी कसोटी एवढीच. तुमच्या न बोलण्यामुळे त्याचा निर्णय बिघडणार असेल, तर ते मौन नव्हे, ती त्याची फसवणूक आहे. बिघडणार नसेल, तर खुशाल गप्प राहा.

या कसोटीवर बरंचसं मौन टिकतं. मृताचं नाव घरच्यांआधी न सांगणं टिकतं. २६ नोव्हेंबर २००८ नंतरच्या त्या तीन दिवसांत कमांडो कुठे उतरत आहेत, हे न सांगणं टिकलं असतं. वाहिन्यांनी ते थेट दाखवलं आणि २०१२ च्या कसाब खटल्याच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्यांना त्याबद्दल सुनावलं. तेव्हा वार्ताहराचा प्रत्येक प्रश्न पवित्र असतो, असं मी म्हणत नाही. आक्रोश करणाऱ्या आईच्या तोंडासमोर बूम धरून ‘तुम्हाला काय वाटतं’ विचारणं हा प्रश्नच नव्हे. पण वार्ताहर उद्धट आहे, म्हणून त्याच्यामागच्या बापाचं उत्तर बुडवायचं, हा न्याय कुठला?

आता मघाशी म्हटलं ते सांगतो. पंचवीसेक वर्षं झाली. मी एका कॉलेजात प्रभारी प्राचार्य होतो. गाव आणि कॉलेज राहू द्या. रविवारी रात्रीच्या जेवणातून मुलींच्या वसतिगृहात विषबाधा झाली. सोमवारी सकाळी चाळीसेक मुली सिव्हिलमध्ये. दोन वर्तमानपत्रांचे वार्ताहर आले. मी तेव्हा रुग्णालयात गेलोही नव्हतो. रेक्टरबाईंच्या फोनवरून दोघींना अतिदक्षता विभागात हलवल्याचं मला कळलं होतं. संस्थेच्या चिटणिसांनी सांगितलं, घबराट नको. मी बोललो : ‘सर्व विद्यार्थिनींची प्रकृती स्थिर असून परिस्थिती नियंत्रणात आहे. पालकांनी घाबरू नये.’ मंगळवारी ते तसंच छापून आलं.

त्या दोघींपैकी एकीचे वडील शेतकरी. घरी फोन नव्हता. त्यांनी पारावर पेपर वाचला आणि ते बुधवारी आले. मुलगी वाचली. पण मंगळवारची रात्र तिच्यासाठी फार वाईट होती आणि ती एकटी होती. वडील माझ्या केबिनमध्ये आले. ओरडले नाहीत. म्हणाले, ‘सर, तुम्ही छापून आणलंत म्हणून मी काल कांदा भरत बसलो. तुम्ही पोरीला बघून सांगितलं होतं का?’

मी तोवर वीस वर्षं सत्याचे सिद्धान्त शिकवत होतो. विधान वस्तुस्थितीशी जुळतं का, इतर विधानांशी जुळतं का, ते उपयोगी पडतं का. त्या माणसाने एका वाक्यात जे विचारलं, ते माझ्या टिपणांत नव्हतं. अमेरिकन तत्त्वज्ञ हॅरी फ्रँकफर्ट यांनी एक भेद केला आहे : खोटारड्याला निदान खरं काय ते माहीत असतं, ते लपवण्याची तरी त्याला पर्वा असते. दुसरा एक प्रकार असतो, त्याला आपण बोलतो ते खरं की खोटं याच्याशीच देणंघेणं नसतं. त्याला फक्त वेळ निभवायची असते. मी त्या सकाळी दुसऱ्या प्रकारात होतो. ‘नियंत्रणात आहे’ या वाक्यात कोणाचं नियंत्रण, कशावर, हे मलाच माहीत नव्हतं.

काय बोलायला हवं होतं? ‘चाळीस मुली आजारी आहेत. दोघी अतिदक्षता विभागात आहेत. कारण अजून कळलेलं नाही. मी स्वतः अजून पाहिलेलं नाही, आता निघालो आहे. ज्यांना शक्य आहे त्या पालकांनी यावं.’ पाच वाक्यं. यात कोणाची बदनामी नाही, वकिलाला अडचण नाही, अंदाज नाही. पुस्तिकेतला एकही चांगला नियम यात मोडत नाही. मोडते फक्त आपली ऐट.

म्हणून अशा पुस्तिका लिहिणाऱ्यांना माझी विनंती आहे. पूल बांधण्याचं पान काढून टाका आणि तिथे तीन प्रश्न घाला. हे मी स्वतः पाहिलं आहे की ऐकलं आहे? हे वाचून कोण, काय ठरवणार आहे? आणि हे चुकलं तर उद्या मी कोणत्या शब्दांत दुरुस्त करणार आहे? बाकीची पुस्तिका तशीच राहू द्या.

प्रश्नोत्तरांमधून

श्रोता : सर, मी एका खासगी रुग्णालयाच्या जनसंपर्क विभागात नोकरी करते. निवेदन मी लिहीत नाही, फक्त वाचते. साहेब सांगतात तेच बोलावं लागतं. तुमचे तीन प्रश्न मी विचारले तर उद्या माझ्या खुर्चीवर दुसरं कोणी बसेल. मी काय करायचं?

प्रश्न चांगला आहे आणि त्याला शूर उत्तर द्यायचा मला अधिकार नाही. माझी नोकरी कायम होती, तरी मी चिटणिसांना ‘नाही’ म्हणालो नव्हतो. तेव्हा तुम्हाला राजीनामा द्या म्हणणारा मी कोण? लहान गोष्टी सांगतो. एक, जे तुम्ही पाहिलं नाही ते ‘डॉक्टरांनी आम्हाला असं कळवलं आहे, इतक्या वाजता’ असं सांगा. ‘आहे’ आणि ‘कळवलं आहे’ यात घरच्यांसाठी फार मोठा फरक आहे आणि साहेबांना सहसा तो खटकत नाही. दोन, कोणी, केव्हा, काय सांगितलं, ते एका वहीत लिहून ठेवा. तीन, वार्ताहर बाहेर जो प्रश्न विचारणार आहे, तो आधी आत, बंद खोलीत तुम्ही विचारा. ‘हे विचारलं तर मी काय सांगू?’ असं, मदत मागितल्यासारखं. बरेचदा साहेबांनाही तो प्रश्न तेव्हाच पहिल्यांदा ऐकू येतो.

याने सगळं सुटेल असं नाही. कधीतरी अशी वेळ येईल, की समोर कागद असेल आणि तो खोटा आहे हे तुम्हाला माहीत असेल. तेव्हा काय करायचं ते तुमचं तुम्हालाच ठरवावं लागेल. फक्त त्या वेळी एवढं आठवा, की वार्ताहराच्या मागे कोणीतरी कांदा भरत बसलेला असतो आणि निघायचं की नाही, हे तो तुमच्या वाक्यावरून ठरवणार असतो.

थांबतो.